पहिल्या मीटिंगचा पत्ता

घरात कुणाची दारू हाताबाहेर गेली की पुष्कळदा पहिली चौकशी होते ती पुडीची. पिणाऱ्याला कळू न देता जेवणात कालवायची आणि महिन्याभरात दारू सुटणार, अशी जाहिरात कुणीतरी वाचलेली असते. कृपा करून हे करू नका. पुडीत काय आहे हे घरच्यांना ठाऊक नसतं. दारू सोडण्यासाठी डॉक्टर देतात ते डायसल्फिराम जरी त्यात असलं, तरी त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून ते घेणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

ज्याला स्वतःला थांबावंसं वाटतंय, त्याच्यासाठी एक फुकट आणि उघडा रस्ता आहे, तो मीटिंगचा. मात्र रोज, त्यातही सकाळपासून पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, तर काहींना दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात आणि शुद्ध हरपते. या अवस्थेत माणूस दगावूही शकतो. त्यामुळे आधी सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा जवळचा डॉक्टर गाठावा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे राष्ट्रीय मदतक्रमांक आहेत. शरीर सावरलं की खरं काम सुरू होतं, आणि ते एकट्याने करणं फार अवघड असतं.

अशा मीटिंग भरवणारं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं. दारूपायी आयुष्याची वाताहत झालेला एक शेअर दलाल आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले, आणि त्या बोलण्याच्या आधाराने दोघेही कोरडे राहिले. भारतात हे काम 1957 मध्ये आलं. आज मुंबई-पुण्यात आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या अनेक गावांत मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी बोलणारे समूह भरतात. जागा साध्या असतात, महापालिकेच्या शाळेतला वर्ग किंवा चर्चमागची खोली.

शोधायचं कसं? एए भारताच्या संकेतस्थळावर हेल्पलाइनचे क्रमांक मिळतात. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारूतून बाहेर पडलेला सभासद असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. आडनाव सांगावं लागत नाही. त्याला तीन गोष्टी विचारा: घराजवळची मीटिंग कधी असते, भाषा कोणती, आणि ती खुली आहे की बंद. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कुणीही बरोबर येऊ शकतं, बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने पाय अडत असेल, तर खुशाल दोन स्टेशनं पुढची मीटिंग धरा. निघण्याआधी एकदा फोन करून खात्री करा, कारण शाळेला सुट्टी लागली की खोली बदलू शकते. बाहेर मोठा फलक असेलच असं नाही, पण रखवालदाराला 'मीटिंग कुठे आहे' एवढं विचारलं तरी पुरतं.

आत गेल्यावर तास-दीड तास लोक आपापलं सांगतात. 'मी अमुक, मी मद्यपाशी' अशी सुरुवात करून कुणी हरवलेल्या नोकरीबद्दल बोलतं, कुणी कालची संध्याकाळ कशी निभावली ते सांगतं. मध्येच कुणी टोकत नाही, उपदेश करत नाही. तुम्ही काही न बोलता नुसतं बसलात तरी चालतं. फी नसते. शेवटी एक पिशवी फिरते, तीत नव्या माणसाने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. सभासदत्वाची अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. देवाचा उल्लेख कानावर पडेल आणि त्याने काही जण पहिल्याच दिवशी बिचकतात. पण तिथे एका धर्माची सक्ती नाही, नास्तिक माणसंही वर्षानुवर्षं येतात.

पहिली मीटिंग आवडली नाही, तर एवढ्यावरून निकाल लावू नका. प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे वयस्क मंडळी जास्त, कुठे तरुण. बाईमाणसाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणं जड जातं, तिने फोनवरच महिलांच्या मीटिंगची चौकशी करावी. करोनाकाळात ऑनलाइन मीटिंगही रुळल्या. गाव लहान असेल, तर त्यांचा मोठा आधार होतो.

उपचारकेंद्रातून घरी परतणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला नेहमीच महत्त्व दिलं, आणि तिथल्या पाठपुरावा बैठका अनेक गावांत होतात. पत्नींसाठी मुक्तांगणचा 'सहचरी' गट आहे. एएच्या पद्धतीने चालणारं 'अल-ॲनॉन' खास नातेवाइकांसाठी आहे. पिणारा अजून तयार नसला, तरी घरच्यांनी तिथे जावं.

मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका. दोन-तीन सभासदांचे फोन नंबर घ्या. पहिल्या आठवड्यांत रोज मीटिंग गाठायचा सल्ला मिळेल. रोज जमलं नाही, तर निदान त्यांतल्या एकाला रोज फोन करा, आणि तल्लफ आली तर पेला उचलण्याआधी करा. पुढे त्यांच्यापैकीच एक जण स्पॉन्सर म्हणून एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात सोबत करतो. आणि घसरलात, तर पुढच्या मीटिंगला परत जा. तिथे कुणी हजेरीबुक उघडून बसलेलं नसतं.