मुलांच्या हाती गॉल्फची काठी

गॉल्फ हा पोक्त माणसांचा आणि भरल्या खिशाचा खेळ, अशी समजूत अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. आणि ती सर्वस्वी खोटी आहे असेही नाही. तथापि वडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात किंवा हैदराबादेस गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत असलेली गॉल्फची मैदाने तेथील मराठी कुटुंबांना अपरिचित नाहीत, आणि आपल्या मुलाने हा खेळ शिकावा असे वाटणारे आईबापही आता अगदी विरळा राहिलेले नाहीत. अशा आईबापांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो काठी फिरवण्याचा. काठी मागे उचलून, वळसा देऊन, चेंडूवरून पुढे नेण्याची जी एक अखंड क्रिया, तिला खेळाडू ‘स्विंग’ म्हणतात. सारी क्रिया एक-दीड सेकंदात आटोपते. पण तिच्यावर लिहिली गेलेली पुस्तके मोजू म्हटल्यास मोजता येणार नाहीत.

या अवडंबराचे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विटीदांडूत उडालेली विटी क्षणभरच हवेत असते. तेथे विचाराला सवडच नसते. गॉल्फचा चेंडू मात्र स्वस्थ पडून राहतो. तो मारणाराची वाट पाहतो, आणि त्या अवकाशात उपदेशाला भरपूर वाव मिळतो. ‘मान खाली ठेव, कोपर सरळ ठेव, गुडघा वाकव, घाई करू नको,’ असा चहूकडून भडिमार झाला म्हणजे सहा वर्षांचे पोर काठी हातात धरून खांबासारखे उभे राहते. थोड्याच दिवसांत त्याला मैदानावर जाण्याचा कंटाळा येतो, आणि ‘मुलाला गोडी नाही’ असा निर्णय वडीलमंडळी देऊन मोकळी होतात. गोडी होती, ती सूचनांच्या ओझ्याखाली दबली.

मुले हालचाल शिकतात ती ऐकून नव्हे, पाहून. अमेरिकेतील बॉबी जोन्स याचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. अटलांटा शहरानजीक ईस्ट लेक येथील मैदानालगत तो लहानपणी राहत असे. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी गावाहून आलेला स्टुअर्ट मेडन हा तेथील व्यावसायिक खेळाडू. हा मुलगा त्याच्या मागून मैदानभर हिंडे आणि घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करी. रीतसर धडे त्याने घेतले नाहीत. आणि याच जोन्सने 1930 साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी मिळून चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. प्रत्येक नक्कल करणारा जोन्स होत नाही, हे उघड आहे. परंतु चांगला खेळाडू डोळ्यांसमोर असणे हा मुलाला मिळणारा सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाचा धडा होय, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

शिक्षकाचे काम तर मग काय? याचे उत्तर जॅक निक्लाउस याच्या बालपणात सापडते. अमेरिकेतील कोलंबस शहराच्या सायोटो क्लबात 1950 साली, वयाच्या दहाव्या वर्षी, तो जॅक ग्राऊट या शिक्षकाच्या मुलांच्या वर्गात दाखल झाला. ग्राऊटचे मत त्या काळी अनेकांना उफराटे वाटण्याजोगे होते. मुलाने प्रथम चेंडू जितका दूर मारता येईल तितका मारावा, काठीचा फेर मोठ्यात मोठा घ्यावा. चेंडू सरळ जातो की वाकडा, हे मागाहून पाहता येईल, असे तो सांगे. यामागील विचार खोल आहे. सरळ मारण्याची चिंता ज्या मुलाला आरंभीच लागते, ते चेंडू जपून ढकलू लागते, त्याचा फेर आखडतो, आणि वाढत्या वयात अंगाला जो मोकळेपणा सहज लाभावयाचा तो लाभतच नाही. उलट, मोकळेपणाने मारणाऱ्या मुलाचा नेम पुढे सुधारता येतो. ग्राऊटचा कटाक्ष होता तो प्रामुख्याने डोके स्थिर ठेवण्यावर. त्यासाठी त्याचा सहाय्यक त्या मुलाचे केस मुठीत धरून उभा राही! हा उपाय आज कोणी करू नये. पण दहा सूचनांऐवजी दोनच गोष्टींचा आग्रह धरावयाचा, ही त्यातील शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. निक्लाउसने पुढे व्यावसायिक खेळातील अठरा प्रमुख अजिंक्यपदे मिळवली, आणि तरीही प्रत्येक मोसमाच्या आरंभी तो ग्राऊटकडे जाऊन हेच मूळ धडे पुन्हा गिरवीत असे.

साधनांच्या बाबतीत एक चूक सर्रास घडते. वडिलांची जुनी काठी कापून आखूड केली की ती मुलाची झाली, असे मानले जाते. काठी आखूड होते खरी, परंतु तिची दांडी अधिक ताठर होते आणि टोकाचे वजन मोठ्या माणसाचेच राहते. ते पेलण्यासाठी मूल मूठ घट्ट आवळते, पाठ मागे टाकते आणि सबंध शरीराने काठी ओढू लागते. नंतर ज्याला वाईट सवय म्हणतात, ती पुष्कळदा या जड काठीची करणी असते. मुलांसाठी घडवलेली हलकी, लवचिक काठी मिळत नसेल, तर अगदी लहानांच्या हाती प्लास्टिकची काठी आणि मोठा मऊ चेंडू दिलेला बरा. पकडीचेही तसेच. बोटे एकमेकांत गुंतवण्याचे प्रकार मोठ्या हातांसाठी उत्तम. लहान मुलाने दहाही बोटांनी, बॅट धरावी तशी काठी धरली तरी काही बिघडत नाही. दोन्ही हात एकमेकांना चिकटून असावेत, म्हणजे झाले.

खेळाचा आरंभ दुरून न करता खळग्यापासून करावा. गॉल्फचे खळगे सव्वाचार इंच रुंदीचे असते. त्यापासून हातभर अंतरावर चेंडू ठेवला, तर पाच वर्षांचे मूलही तो आत घालते. आणि चेंडू आत पडल्याचा जो टपकन आवाज होतो, त्याची गोडी कोणत्याही शाबासकीहून अधिक असते. मग अंतर पावलापावलाने वाढवावे. मोठा फेर शिकवण्यासाठी काठी उलटी धरावयास सांगावे आणि वारा कापल्याचा ‘सूं’ आवाज कोण मोठा काढतो याची पैज लावावी. तो आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे उमटला पाहिजे, एवढी एकच अट घातली, की वेग कोठे आणावयाचा हे अंगाला न सांगता कळते. फटका मारल्यावर पोट लक्ष्याकडे वळवून, भार पुढच्या पायावर घेऊन, तीन अंक मोजेपर्यंत पुतळा होऊन राहण्याचा खेळही तसाच. तोल सांभाळण्याचा याहून सोपा पाठ नाही. बादलीत चेंडू टाकणे, झाडाला वळसा घालून मारणे, एकाच काठीने उंच आणि बुटका असे दोन्ही फटके काढणे, यांपैकी काहीही चालेल. स्पेनमधील पेद्रेन्या गावी सेवे बायेस्तेरोस हा मुलगा एका जुन्या लोखंडी काठीनेच समुद्राच्या वाळूत खेळत असे. 1979 साली ब्रिटिश ओपन जिंकताना जी कल्पकता जगाने पाहिली, ती त्या वाळूतली होती. नियम मात्र एक कडक असावा: कोणाच्या हाती काठी फिरत असता दुसऱ्याने तिच्या पल्ल्यात पाऊल टाकावयाचे नाही. येथे गंमत चालत नाही.

अर्धा तास झाला की थांबावे. मूल ‘आणखी एकच’ म्हणत असताना थांबता आले तर फारच उत्तम. आईबापांना खेळ येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या अदिती अशोक हिने पाचव्या वर्षी काठी हाती घेतली तेव्हा तिच्या घरी कोणीच गॉल्फ खेळत नव्हते. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिचे वडील आणि 2021 साली टोकिओत तिची आई तिच्या काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालली, आणि टोकिओत अवघ्या एका फटक्याने तिचे पदक हुकले. शिकवणारे तज्ज्ञ वेगळे होते. सोबत चालणे घरच्यांचे होते.

वर्षाकाठी एकदा काठीची लांबी अवश्य पाहावी. मूल चेंडूवर फार वाकू लागले, तर ते उंच झाले असे समजावे आणि काठी बदलावी. जुनी काठी मग धाकट्या भावंडाकडे जाते, आणि बहुधा ते तोवर थोरल्याकडे पाहून ती फिरवावयास शिकलेलेही असते.