कावीळ दिसण्याआधीच ओळखा यकृताच्या खुणा

उजव्या बरगड्यांखाली वसलेले यकृत हा अत्यंत सोशिक अवयव आहे. त्याचा बराच भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग काम निभावून नेतो. त्यामुळे डोळे पिवळे होईपर्यंत अनेक रुग्णांना आजाराची चाहूलही लागत नाही.

आरंभीची लक्षणे साधी असतात. सततचा थकवा, मंदावलेली भूक, मळमळ, घटते वजन. वयोमान किंवा पित्ताचा त्रास समजून त्यांकडे दुर्लक्ष होते.

पुढची लक्षणे यकृताचे कोणते कार्य खालावले ते सांगतात. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन तयार करते. ते कमी पडले की पायांवर सूज येते. यकृतातील रक्तप्रवाहाला अडथळा झाल्यास त्यात भर पडून पोटात पाणी साचते; यालाच जलोदर म्हणतात. रक्त गोठवणारे घटक घटले की हिरड्यांतून रक्त येते आणि किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटतात. रक्तातील बिलिरुबिन साधारणतः १ मिलिग्रॅमच्या आत असते. ते २ ते ३ मिलिग्रॅमपलीकडे गेले की डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. काहींच्या अंगाला खाजही सुटते. अमोनियासारखी विषद्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचल्यास रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलण्यात गोंधळतो. असा गोंधळ, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

कावीळ दिसताच झाडपाल्याचे औषध घेण्याची प्रथा गोमंतकात आजही आढळते. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय त्या औषधाला मिळते. मात्र मद्यपान, हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ किंवा यकृतातील मेद यांमुळे सिरोसिस झाला असेल, तर याच विश्वासापायी उपचारांचा मोलाचा काळ हातचा जातो. काही वनौषधी तर यकृताला थेट इजा करतात.

केवळ ‘एसजीपीटी’ सामान्य आली म्हणून निश्चिंत राहू नये. सिरोसिसमध्येही ती सामान्य असू शकते. यकृताच्या कार्यक्षमतेचा अंदाज अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम यांवरून येतो. मधुमेही, स्थूल आणि नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तींनी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. कारण वेळीच दूर झाले, तर यकृत बऱ्याच अंशी सावरू शकते.