एकच वादन, अनेक तबकड्या



या मालेत साहित्य, इतिहास आणि शास्त्रीय संगीत या विषयांवर अधिकारी मंडळींनी आजवर लिहिले आहे. मी त्या पंक्तीतला नव्हे. बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवण्यात माझी उमर गेली. फावल्या वेळात एक छंद जडला, जॅझ संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवण्याचा. एकाच वादनाच्या निरनिराळ्या वेळी निघालेल्या प्रती, म्हणजे जाणकार ज्यांना ‘प्रेसिंग’ म्हणतात त्या, शेजारी ठेवून ऐकण्याची सवय त्यातूनच लागली. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

जॅझ म्हटले की ‘हे आपले नव्हे’ असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. पण ते आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांनी १९५१ साली ‘अलबेला’ला संगीत दिले. त्यात साथीला होते गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखत असे, आणि लुई आर्मस्ट्राँगची छाप त्यांच्या वादनावर उघड दिसे. तेव्हा ‘अलबेला’च्या गाण्यांवर ज्यांच्या घरात ठेका धरला गेला, त्यांनी जॅझ ऐकलेच आहे. त्याचे नाव तेवढे ठाऊक नव्हते.

माझ्या छंदाचे मूळही गोव्याकडचेच. एके काळी मुंबईच्या हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ सांधेदुखीसाठी माझ्याकडे येत. बोटे वळेनाशी झाली तेव्हा त्यांनी एक पत्र्याची ट्रंक दवाखान्यात आणून ठेवली. “दोतोर, विकू नका, वाजवा,” एवढेच म्हणाले. ट्रंकेत काही जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि सोळा लाँग प्ले होत्या.

मी पहिल्याच दिवशी घोडचूक केली. एक तबकडी बुरशीने पांढुरकी झाली होती. दवाखान्यात स्पिरिट होतेच. कापसाचा बोळा भिजवून मी ती निगुतीने पुसली. बोळा तपकिरी झाला आणि तबकडीची चकाकी गेली. वाजवली तेव्हा खरखरीखेरीज काही उरले नव्हते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मुख्यतः शेलॅक आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाच्या असत. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुताराचे पॉलिश त्यावरच तर चालते. औषधात अल्कोहोल वापरणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची लाज अजून वाटते.

लाखेवरून आणखी एक गोष्ट आठवली. लाख हा किड्यांचा स्राव. ती काढताना असंख्य जीव मरतात, म्हणून आम्हा जैनांत श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत ‘लाक्षावाणिज्य’ सांगितले आहे. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी ही लाख बरीचशी आपल्या देशातूनच जाई. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लॅस्टिकची लाँग प्ले तबकडी आणली आणि पुढे लाखेची गरज संपली. माझ्या आजीला हे कळले असते तर तिने तबकडीला घरात जागा दिली असती.

लाँग प्लेने जॅझला खरा मोकळा श्वास दिला. दहा इंची ७८च्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. लाँग प्ले मिनिटाला ३३ पूर्णांक एकतृतीयांश फेरे घेते आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटे सहज बसतात. ख्यालगायकाला तीन मिनिटांत राग उरकावा लागे तेव्हा काय होई, हे आपण जाणतो. जॅझचा वादकही तसाच उपजत बोलणारा. त्याला विस्ताराला जागा मिळाली ती इथे. १९५० ते १९६५ या काळातल्या तबकड्यांना संग्राहक जीव टाकतात त्याचे हे एक कारण.

आता मुख्य प्रश्न. वादन एकच, मग प्रतीप्रतीत फरक का पडावा?

तबकडी कशी तयार होते ते पाहिले की उत्तर मिळते. स्टुडिओतल्या टेपवरून आवाज आधी लॅकर चढवलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर कोरला जातो. त्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून उलटा ठसा घेतात, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून पुन्हा उलटा. या शेवटच्या ठशाला ‘स्टँपर’ म्हणतात. तापून मऊ झालेले व्हिनाइल दोन स्टँपरांमध्ये दाबले की तबकडी झाली. स्टँपर हजारभर प्रतींनंतर झिजू लागतो. मग नवा स्टँपर, आणि पुढे कधी नवे कोरीवकामही. मूळ टेप दूर असेल तर तिची नक्कल वापरतात, आणि नकलेची नक्कल होताना बारकावे गळतात. कोरणारा माणूस बदलला की खर्ज किती आणि तार किती हे त्याच्या कानावर ठरते.

तबकडीची घडणही थोडी अडचणीचीच. बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या शेवटच्या फेऱ्यात सुमारे २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बाजूच्या शेवटच्या गतीत झांज फाटल्यासारखी वाजते. दोन प्रती ताडून पाहायच्या तर ही आतली गत ऐकावी. कोरणाऱ्याचे कसब आणि आधीच्या मालकाची सुई, दोन्ही तिथे उघडी पडतात.

ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या कंपनीचे उदाहरण घेऊ. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी ती १९३९ साली सुरू केली. तिचे बहुतेक प्रसिद्ध ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर यांनी केले. हे गृहस्थ पेशाने दृष्टितपासनीस. १९५९ पर्यंत पोटासाठी लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढीत आणि आईवडिलांच्या हॅकन्सॅकमधल्या घरात, दिवाणखान्यात, ध्वनिमुद्रण करीत. जॉन कोल्ट्रेन यांची ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ रोजी तिथेच मुद्रित झाली. एखाद्या डॉक्टराला छंदाबद्दल कोणी टोकले तर हा दाखला द्यावा.

व्हॅन गेल्डर लॅकरही स्वतः कोरीत आणि तबकडीच्या लेबलाभोवतालच्या कोऱ्या काळ्या पट्टीत आपली आद्याक्षरे उमटवीत. त्याच पट्टीत एक बारीक, कानाच्या पाळीसारखे दिसणारे चिन्ह असते. ते प्लॅस्टिलाइट या कारखान्याचे इंग्रजी ‘पी’ अक्षर. १९६५ साली ब्लू नोट लिबर्टी कंपनीने विकत घेतली, पुढच्या वर्षी प्लॅस्टिलाइटचे काम थांबले आणि हा ‘कान’ नाहीसा झाला. लेबलावरचा पत्ताही काळ सांगतो. आधी लेक्सिंग्टन अव्हेन्यू, मग वेस्ट ६३वा रस्ता, मग नुसते न्यूयॉर्क, आणि शेवटी लिबर्टीचे नाव.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने ‘पहिली आवृत्ती’ म्हणून एक प्रत दिली. वेष्टन जुने, लेबलावर न्यूयॉर्क, मी हरखलो. घरी ट्यूबलाइटखाली तिरपी धरली तर कान कुठेच नव्हता. लिबर्टीने ताबा घेतल्यावर शिल्लक राहिलेली जुनी वेष्टने आणि जुनी लेबले वापरून संपवली होती. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही बहुधा ठाऊक नसावे. आम्ही वैद्यकात शिकतो की एका लक्षणावर निदान करू नये, लक्षणांचा समुच्चय पाहावा. वेष्टन, लेबल, आद्याक्षरे, कान, सगळे जुळले तरच बोलावे.

निदान चुकण्याचा दुसरा किस्सा जास्त बोलका आहे. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ची तबकडी जॅझमधली बहुधा सर्वांत प्रसिद्ध. साठच्या दशकातली एक अमेरिकन प्रत मला मिळाली. भाऊबीजेला बहीण आली होती. ती पेटी उत्तम वाजवते. तबकडीबरोबर सूर लावून पाहू लागली आणि म्हणाली, “दादा, तुझं यंत्र चढं चाललंय.” मी पट्टा बदलला. ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी १८० रेषांची चकती लागते, ती आणून ट्यूबलाइटखाली फिरवली. रेषा स्थिर दिसल्या, म्हणजे वेग बरोबर. तरी पहिली बाजू पेटीशी जुळेना. मेकॅनिकला दोनदा बोलावले, तोही वैतागला. मग बहिणीनेच विचारले, “दुसरी बाजू लावून पाहिलीस का?” दुसरी बाजू पेटीशी चोख जुळली.

त्याच क्षणी मला कळायला हवे होते. एकाच यंत्रावर, एकाच संध्याकाळी एक बाजू चढी आणि दुसरी बरोबर असेल तर दोष यंत्राचा नाही. मी भलत्याच रोग्यावर उपचार करीत होतो! पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झाल्या आणि त्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होते. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिच्यात हा दोष नाही. त्या दिवशी सुरक्षेसाठी दुसऱ्या यंत्रावरही टेप भरली होती. तिच्यावरून चूक दुरुस्त झाली १९९२ साली. तेहतीस वर्षे जग ती बाजू चढ्या सुरात ऐकत होते, आणि कित्येक वादकांनी तशीच गिरवली.

‘मूळ प्रत तीच खरी’ हा संग्राहकांचा मूलमंत्र. इथे मूळ प्रत चुकलेली आणि नंतरची बरोबर. मूळ प्रत टेपच्या सर्वांत जवळची असते हे खरे, पण टेप वादकांच्या किती जवळ होती हा प्रश्न वेगळा. आमच्याकडे नयवाद सांगतो की प्रत्येक विधान कोणत्या बाजूने केले आहे ते आधी पाहावे. मूळ प्रत ‘खरी’ म्हणताना कशाच्या बाबतीत खरी, एवढे विचारले तरी निम्मे वाद मिटतात.

आता अवघड प्रश्न. हे सारे फरक कानाला खरेच ऐकू येतात, की पैसे मोजले म्हणून ऐकू येतात? माझ्या चिकित्सापद्धतीवर हाच आक्षेप आयुष्यभर ऐकत आलो आहे, त्यामुळे तो टाळणे मला शोभले नसते. कॅननबॉल अॅडर्ली यांच्या ‘समथिंग एल्स’ची एक महागडी अमेरिकन प्रत आणि एक स्वस्त जपानी प्रत माझ्याकडे होती, दोन्ही स्टीरिओ. सौभाग्यवतींना सांगितले, मी पाठ करून बसतो, तू नाणे उडवून हवी ती लाव. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतला, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘सरस’ वाटतो. दहा वेळा ऐकले. सहा वेळा बरोबर ओळखले. नुसते नाणे उडवले असते तरी पाच आलेच असते. त्या सहांतही तीनदा मी जुन्या प्रतीची टिकटिक ओळखली होती, संगीत नव्हे.

त्या रात्री झोप लागली नाही. पण सकाळी हलके वाटले. ‘काइंड ऑफ ब्लू’चा चढा सूर खरा होता, कारण तो पेटीने पकडला. आतल्या गतीतली फाटलेली झांज खरी होती, ती कोणालाही ऐकू येते. ‘समथिंग एल्स’मधला तो ‘उबदार नाद’ मात्र बराचसा माझ्या पावतीवर लिहिलेला होता.

तेव्हापासून मी एक नियम केला. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण आहे, म्हणजे बाळगायच्या वस्तूंची मर्यादा आपणच आखून घेणे. माझी मर्यादा दोनशे तबकड्यांची. नवी एक आली की जुनी एक जाते. कोणती जावी हे किंमत ठरवीत नाही, पाठ करून बसलेला कान ठरवतो. ती महागडी अमेरिकन प्रत गोव्यातल्या एका तरुण वादकाकडे गेली. ट्रंकेतल्या सोळा लाँग प्ले या हिशेबाबाहेर आहेत. त्या झिजल्या आहेत, कुठल्याच परीक्षेला उतरणार नाहीत. पण त्यांच्या वेष्टनांवर त्या वृद्ध वादकाने पेन्सिलीने स्वर टिपून ठेवले आहेत, आणि वाजवण्याचा शब्द मी दिला आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. जॅझच असले पाहिजे असे नाही, नाट्यगीते असोत वा अभंग. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. पावसाळ्यात त्यांना ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. धूळ मऊ ब्रशने काढा. जुन्या ७८ला स्पिरिटचा थेंबही लागू देऊ नका. आणि लेबलाभोवतालच्या काळ्या पट्टीवर एकदा उजेड तिरपा टाकून पाहा. ती कोणी कोरली, कुठे दाबली गेली याच्या खुणा तिथे असतात. त्या वाचून झाल्यावर मात्र तबकडी लावा आणि ऐका.