मार्गदर्शकाची वाटचाल

अमेरिकेंतील एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या कुलगुरूंचें नांव त्या गांवच्या दुकानदाराला कदाचित् सांगतां येणार नाहीं. पण त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या मार्गदर्शकाचें नांव शाळकरी पोरहि चटकन् सांगेल. हा मार्गदर्शक, ज्याला तिकडे कोच म्हणतात, स्वतः मैदानांत चेंडू फेंकीत नाहीं. गांवोगांव हिंडून होतकरू मुलें हेरावयाचीं, त्यांना शिष्यवृत्ति देऊन विद्यापीठांत आणावयाचें, रोज दोन-तीन तास त्यांना घडवावयाचें, आणि सामन्याच्या वेळीं त्यांतल्या कोणत्या पांचांनीं मैदानांत उतरावें हें ठरवावयाचें, हें त्याचें काम. जय झाला तर तो खेळाडूंचा. पराजय झाला तर तो बहुधा मार्गदर्शकाचा.

असा मनुष्य या जागेवर चढतो तरी कसा? वकिलाला सनद लागते, डॉक्टराला पदवी लागते. कोचाची म्हणून अशी एखादी ठराविक परीक्षा नाहीं. ही विद्या आपल्याकडील गायकीप्रमाणें घराण्यांतून चालत आली आहे. खेळाडूनें गुरूपाशीं शिकावें, मग एखाद्या लहानशा शाळेंत शिकवूं लागावें, तेथून लहान कॉलेजांत आणि नशीब असेल तर मोठ्या विद्यापीठांत जावें, अशी ही शिडी आहे.

या घराण्याचे मूळ पुरुष जेम्स नेस्मिथ. १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें त्यांनीं व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि हा खेळ निर्माण केला. पुढें १८९८ सालीं ते कॅन्सस विद्यापीठांत गेले. मौज अशी, कीं त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांपैकीं ज्याच्या कारकीर्दींत विजयांपेक्षां पराभव अधिक भरले असा एकच निघाला, आणि तो म्हणजे खुद्द या खेळाचा जनक! हा खेळ शिकविण्याचा नसून नुसता खेळण्याचा आहे, असें ते आपला शिष्य फॉरेस्ट ॲलन याला म्हणत. शिष्यानें गुरूचें हें म्हणणें खोटें ठरविलें. ॲलन यांनीं कॅन्ससमध्यें तीन तपांहून अधिक काळ शिकविलें, आणि त्यांच्या हाताखालून केंटकीचे ॲडॉल्फ रप व नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ असे दोन नामांकित मार्गदर्शक बाहेर पडले. रप यांनीं ८७६ सामने जिंकले. तो विक्रम १९९७ सालीं मोडला तो स्मिथ यांनीं, म्हणजे त्यांच्याच गुरुबंधूनें.

परंतु शिडीची एकेक पायरी पाहावयाची असेल तर जॉन वुडन यांचें चरित्र घ्यावें. त्यांचा जन्म १९१० सालीं इंडियाना संस्थानांत झाला. बालपण शेतावर गेलें. घरांत वीज नव्हती कीं नळ नव्हता. आईनें मोज्यांत चिंध्या कोंबून चेंडू शिवून दिला आणि वडिलांनीं गोठ्याच्या भिंतीवर टोपली ठोकली; तीच त्यांची पहिली शाळा. १९२७ सालीं त्यांच्या मार्टिन्सव्हिल हायस्कूलनें संस्थानचें अजिंक्यपद मिळविलें. नंतर पर्ड्यू विद्यापीठांत वॉर्ड लँबर्ट या गुरूपाशीं ते शिकले. शरीराची तयारी, मूळ अंगांचा पक्केपणा आणि संघभावना या लँबर्ट यांच्या त्रिसूत्रीवर वुडन यांनीं पुढें जन्मभर भर दिला. १९३२ सालीं ते देशांतील सर्वोत्कृष्ट कॉलेज-खेळाडू ठरले आणि त्याच वर्षीं इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाले.

तो काळ मंदीचा होता. लग्नासाठीं जमविलेले नऊशेंहून थोडे अधिक डॉलर बँक बुडाल्यामुळें लग्नाच्या तोंडावर गेले. केंटकीमधील डेटन येथल्या हायस्कुलांत त्यांना नोकरी मिळाली ती इंग्रजीच्या शिक्षकाची; खेळ शिकविणें हें त्या नोकरीचें शेपूट होतें. पहिल्या हंगामांत त्यांच्या संघानें सहा सामने जिंकले आणि अकरा गमावले. देशांतला उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक असतोच असें नाहीं, हें त्यांना पहिल्याच वर्षीं कळून चुकलें. विजयांपेक्षां पराभव अधिक, असा हंगाम त्यांच्या आयुष्यांत पुन्हां कधीं आला नाहीं.

१९३४ सालीं ते साउथ बेंड येथल्या शाळेंत गेले आणि तेथें नऊ वर्षें राहिले. वर्गांत ज्याची जेवढी कुवत तेवढा अभ्यास मुलानें मनापासून केला तरी मार्क कमी पडले म्हणून पालक रागावत, हें त्यांना खटके. मग यश म्हणजे काय, याचा ते विचार करूं लागले. आपल्या शक्तीची शर्थ केली या जाणिवेंतून येणारी मनाची शांति म्हणजे यश, अशी व्याख्या त्यांनीं ठरविली. आणि उद्योगशीलता, निष्ठा, संयम अशा पंधरा चिऱ्यांचा एक मनोरा कागदावर रचण्यास आरंभ केला. तो पुरा होण्यास चौदा वर्षें लागलीं.

१९४३ ते १९४६ हीं वर्षें आरमारांत गेलीं. परत आल्यावर टेरे हॉट येथल्या इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजांत त्यांना जागा मिळाली. येथें त्यांची खरी परीक्षा झाली. १९४७ सालीं त्यांच्या संघाला कॅन्सस सिटी येथल्या राष्ट्रीय स्पर्धेचें निमंत्रण आलें. पण त्या स्पर्धेंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता, आणि वुडन यांच्या संघांत क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. नव्या जागेवरील मार्गदर्शकाला पहिल्याच वर्षीं असें निमंत्रण म्हणजे पुढच्या पायरीची किल्लीच. वॉकर हा कांहीं संघाचा मुख्य खेळाडूहि नव्हता. त्याला घरीं ठेवून बाकीच्यांना नेणें सोपें होतें. वुडन यांनीं निमंत्रण परत केलें. पुढल्या वर्षीं तो नियम उठला, वॉकर खेळला, आणि कॉलेजांच्या अशा राष्ट्रीय स्पर्धेंत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. अंतिम सामना लुइव्हिलनें जिंकला. परंतु त्या वर्षाचें स्मरण आज ठेवलें जातें तें वॉकरच्या नांवानें.

१९४८ सालीं मोठ्या विद्यापीठांचीं बोलावणीं आलीं. वुडन यांचा ओढा मिनेसोटाकडे होता. तेथील अधिकाऱ्यांनीं ठराविक वेळीं टेलिफोन करावयाचा होता. पण हिमवादळानें तारा तुटल्या. तेवढ्यांत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा टेलिफोन आला आणि वुडन यांनीं होकार दिला. थोड्या वेळानें मिनेसोटाचा निरोप आला, तेव्हां शब्द दिला गेला होता. तो त्यांनीं फिरविला नाहीं. दोन वर्षांनीं पर्ड्यूनें, म्हणजे त्यांच्या जुन्या विद्यापीठानेंच, बोलावलें असतां मन डळमळलें. पण तीन वर्षांचा करार आपणच आग्रहानें करून घेतला आहे याची आठवण त्यांना दिली गेली, आणि ते राहिले.

तेथें तरी काय वैभव होतें? संघाचा सराव एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चाले. शेजारीं मल्लांच्या कुस्त्या, पलीकडे कसरतपटूंच्या उड्या. सरावापूर्वीं जमिनीवरची धूळ मार्गदर्शक स्वतः पुसून घेत. नवें क्रीडागृह लवकरच होईल असें आश्वासन मिळालें होतें; तें उघडलें १९६५ सालीं. पहिल्या अजिंक्यपदासाठींहि १९६४ सालापर्यंत, म्हणजे सोळा हंगाम, वाट पाहावी लागली. त्या वर्षींच्या पांच प्रमुख खेळाडूंत साडेसहा फुटांचा एकहि नव्हता. जेरी नॉर्मन या सहायकानें सुचविलें, कीं प्रतिपक्षाला साऱ्या मैदानभर घेरावें आणि वेगानें नमवावें. वरिष्ठानें कनिष्ठाचें ऐकलें, आणि संघानें तीसच्या तीस सामने जिंकले. पुढें ल्यू अल्सिंडर, ज्यांना जग नंतर करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखूं लागलें, आणि बिल वॉल्टन असे उंचेपुरे खेळाडू आले. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदें आणि ओळीनें ८८ विजय हा हिशेब झाला. ती विजयमालिका १९७४ सालीं तुटली ती साउथ बेंडमध्येंच, एका गुणानें.

त्यांच्या शिकविण्याचें रहस्य काय? हंगामाच्या पहिल्या दिवशीं ते खेळाडूंना मोजे कसे घालावे आणि बुटाची नाडी कशी बांधावी हें शिकवीत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर खेळाडू सराव चुकवितो. सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते लहान कार्डावर लिहीत आणि तीं कार्डें वर्षानुवर्षें जपून ठेवीत. त्यांच्या शेवटच्या हंगामांत रोनाल्ड गॅलिमोर व रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनीं त्यांच्या सरावांतील २,३२६ शिक्षण-कृति टिपून घेतल्या. त्यांपैकीं स्तुति शेंकडा सात, नापसंतीहि सुमारें तेवढीच. आणि तीन-चतुर्थांश कृति म्हणजे काय करावें व कसें करावें याची सरळ माहिती. इंग्रजीचा मास्तर मैदानांतहि मास्तरच राहिला होता.

हें चित्र निष्कलंक आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. एक धनिक हितचिंतक विद्यापीठाच्या खेळाडूंवर नियमाविरुद्ध भेटींची खैरात करी, हें पुढें उघडकीस आलें, आणि १९८१ सालीं वुडन यांच्यामागून आलेल्या काळाबद्दल विद्यापीठाला शिक्षाहि झाली. वुडन यांनीं स्वतः लांच दिल्याचा आरोप नाहीं. पण त्यांनीं अधिक डोळे उघडे ठेवावयास हवे होते, असें टीकाकार म्हणतात. शिडीच्या टोंकावर बसलेल्याला खालच्या पायऱ्यांचाहि जाब द्यावा लागतो.

स्त्रियांसाठीं ही शिडी फार उशिरां लागली. १९७४ सालीं बावीस वर्षांच्या पॅट समिट टेनेसी विद्यापीठाच्या मार्गदर्शक झाल्या, तेव्हां महिन्याला अडीचशें डॉलर मिळत. खेळाडूंचे गणवेश धुणें आणि प्रवासाची मोटार हांकणें हेंहि त्यांच्याकडेच होतें. २०१२ सालीं स्मृतिभ्रंशाच्या व्याधीनें त्यांना थांबावें लागलें, तोंवर त्यांनीं १,०९८ सामने आणि आठ अजिंक्यपदें जिंकलीं होतीं. त्यांच्याकडे शिक्षणाचीं पूर्ण वर्षें काढणारी प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली.

आज ही वाट पुष्कळ बदलली आहे. नामांकित मार्गदर्शकांचें वेतन वर्षाला लक्षावधि डॉलरांत जातें, आणि २०२१ सालापासून खेळाडूंनाहि आपल्या नांवावर जाहिरातींतून द्रव्य मिळविण्याची मुभा झाली आहे. सोळा हंगाम धीर धरणारें विद्यापीठ आतां क्वचित् आढळेल. वुडन यांनीं १९७५ सालीं दहावें अजिंक्यपद जिंकून निवृत्ति घेतली. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत त्यांनीं एका गुणानें हरविलें तें डेनी क्रम यांच्या संघाला, म्हणजे आपल्याच जुन्या शिष्याला आणि सहायकाला. २०१० सालीं, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षीं ते वारले, तेव्हां निरोप देण्यास त्यांचे विद्यार्थी होते. आणि त्यांतले कित्येक तोंवर स्वतः आजोबा झाले होते. शाळेच्या शिक्षकाला जें मिळतें, तेंच या शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यांना मिळालें.