स्नान आणि सन्मान

नोव्हेंबर महिना उजाडला की, निवृत्तिवेतनाची खाती सांभाळणाऱ्या प्रत्येक शाखेला एक वेगळेच रूप येते. हयातीचा दाखला देण्यासाठी आलेली ज्येष्ठ मंडळी, त्यांच्या हातांतील जीर्ण पासबुके, परस्परांच्या प्रकृतीची विचारपूस आणि रांगेतही जपलेला आब! इंदूर येथील शाखेत मी कार्यरत असताना या गर्दीत एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी न चुकता येत. परीटघडीचे धोतर, गळाबंद कोट आणि काळी टोपी हा त्यांचा वेश ठरलेला. एका वर्षी ते आले नाहीत. चौकशी केली असता, ते अंथरुणाला खिळल्याचे कळले.

शाखेतर्फे मी त्यांच्या घरी गेलो. सूनबाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसविले आणि अर्धा तास थांबण्याची विनंती केली. काम पाच मिनिटांचे. त्यामुळे मनात किंचित चुळबूळ झाली. आत गेल्यावर मात्र उलगडा झाला. गुरुजींची दाढी नुकतीच झाली होती, अंग पुसलेले होते, अंगात स्वच्छ सदरा होता आणि डोक्यावर तीच काळी टोपी. थरथरत्या हाताने सही करून ते म्हणाले, "साहेब, थांबविल्याबद्दल क्षमा करा. पण हयात आहे हे सांगायचे, तर माणसासारखे दिसायला नको का?"

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला तेव्हा उमगला नाही. तो उमगला दोन वर्षांनी, माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा.

वहीत नसलेला रकाना

वडिलांची सारी नोकरी एस.टी.त गेली. पहाटे पाचला बंब पेटवायचा, कढत पाण्याने आंघोळ करायची आणि मगच चहाचा घोट घ्यायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. रुग्णालयातून घरी आले तेव्हा त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती. बँकेतील सवयीप्रमाणे मी एक वही घातली. औषधांच्या वेळा, रक्तदाब, पथ्य, व्यायाम या सर्वांचे रकाने आखले. आंघोळीचा रकाना मात्र आखावा, असे मला सुचलेही नाही. ते काम दिवसपाळीच्या मदतनिसावर सोपवून आम्ही निश्चिंत झालो.

मदतनीस वाईट नव्हता. त्याला घाई होती, इतकेच. दार उघडे, अंगावरचे सर्व कपडे एकदम काढलेले, आणि दहा मिनिटांत काम उरकलेले. वडील डोळे मिटून पडून राहत. काही दिवसांतच त्यांचे जेवण कमी झाले. पाण्याचा पेला तर ते हातानेच दूर सारू लागले. आजारपणामुळे वासना उडाली असेल, असा आम्ही समज करून घेतला.

रक्तदाब तपासण्यासाठी येणाऱ्या अनुभवी परिचारिकेच्या नजरेतून मात्र काही सुटले नाही. कोरडे ओठ, गडद रंगाची लघवी आणि माकडहाडापाशी उमटलेला लालसर चट्टा पाहून तिने आम्हा सर्वांना खोलीबाहेर काढले. वडिलांशी ती थोडा वेळ बोलली. बाहेर येऊन मला म्हणाली, "दादा, बाबांना तहान लागते. पण पाणी प्यायले की भांडे मागावे लागते, आणि ते मागायची त्यांना लाज वाटते."

अंथरुणावरील अनेक वृद्ध याच कारणाने पाणी तोडतात. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, भोवळ अशी दुखणी मागे लागतात. ओली, अस्वच्छ आणि सतत एकाच जागी दाबली जाणारी त्वचा लवकर फाटते आणि शय्याव्रण होतात. वडिलांच्या चट्ट्याचे व्रणात रूपांतर झाले नव्हते, हे आमचे भाग्य.

अंग पुसण्याची रीत

त्या दिवशी परिचारिकेने माझ्याकडून संपूर्ण स्नान करवून घेतले. प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवायचे. खोलीचे दार लावायचे, पंखा बंद करायचा आणि लागणारे सारे साहित्य आधीच हाताशी घ्यायचे: दोन पातेली कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ पंचे, स्वच्छ कपडे. पाण्याची ऊब स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूवर पाहायची. कारण निकामी झालेल्या बाजूला चटका बसला तरी रुग्णाला समजतोच असे नाही.

रुग्णाच्या अंगावर चादर असू द्यावी आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करावा. सुरुवात डोळ्यांपासून: नाकाकडील कोपऱ्यातून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा भाग. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय आणि पाठ या क्रमाने पुढे जावे. गुप्तांगांची स्वच्छता सर्वांत शेवटी, ताज्या पाण्याने आणि वेगळ्या कापडाने करावी; स्त्रियांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे पुसावे. काखा, जांघा, स्तनांखालील घडी आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नये. घासून नव्हे, तर टिपून कोरडे करावे.

याच वेळी त्वचेची पाहणी होते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे या जागी लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकट झाली नाही, तर ती धोक्याची सूचना समजावी. अशा जागी चोळू नये. तिच्यावरील भार काढावा आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे हा यावरील जुना आणि खात्रीचा नियम होय. कपडे काढताना आधी धडधाकट हात मोकळा करावा आणि घालताना आधी निकामी हात बाहीत घालावा, ही एवढीशी युक्ती किती वेदना वाचविते, हे ज्याने अनुभवले तोच जाणे!

मुखाच्या स्वच्छतेची आपण फार उपेक्षा करतो. पक्षाघातानंतर दुर्बल बाजूच्या गालात अन्न साठून राहते, आणि ते श्वासमार्गात गेल्यास फुफ्फुसाचा दाह होऊ शकतो. म्हणून रुग्णाला टेकून बसवूनच, मऊ ब्रशने आणि अगदी थोड्या पाण्याने दात स्वच्छ करावेत. कवळी रात्री काढून, धुऊन, स्वच्छ पाण्यात ठेवावी. नखे आंघोळीनंतर मऊ झालेली असताना सरळ कापावीत. मधुमेही व्यक्तीच्या पायांच्या नखांबाबत मात्र विशेष सावध राहावे.

जुनेच शहाणपण

या गोष्टी नव्या नाहीत. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात वैयक्तिक स्वच्छतेसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि परिचारिकेने वारंवार हात धुवावेत, असा आग्रह धरला. त्याआधी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हात निर्जंतुक करण्याचा नियम घालून मातांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटवून दाखविले होते.

तथापि, स्वच्छतेचा अर्धा भागच शरीराचा असतो. उरलेला अर्धा मनाचा. परिचारिकेने मला सांगितलेले सर्वांत मोलाचे सूत्र हेच: जे बाबांना करता येते, ते तुम्ही करू नका. तोंड पुसण्यासाठी पंचा त्यांच्या डाव्या हातात द्या. आज सदरा कोणता, हे त्यांना विचारा. पुढे काय करणार, ते आधी सांगा. आणि भांडे त्यांनी मागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी तुम्हीच पुढे करा, म्हणजे मागण्याचा संकोच उरणार नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती पुष्कळदा आंघोळीला कडाडून विरोध करतात. तो हट्ट नसतो, ती भीती असते. डोक्यावर अकस्मात आलेले पाणी, गारवा, अनोळखी हात यांनी त्या भेदरतात. अशा वेळी वाद न घालता थोडे थांबावे, पुन्हा विचारावे, पायांपासून सुरुवात करावी. एखाद्या दिवशी केवळ हात, तोंड व जांघा पुसल्या तरी चालते.

जबाबदारी सर्वांची

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाविषयीच्या २००७ च्या कायद्याने निर्वाहात अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश केला. परंतु संकोच सांभाळून घातलेली आंघोळ कोणत्या कलमात बसवावी? ती घरानेच द्यावी लागते. बहुतेक घरांत हा भार एकट्या सुनेवर अथवा मुलीवर पडतो. मुलग्यांनीही हे काम शिकावे, अशी माझी नम्र सूचना आहे. वडिलांना माझा हात सुनेच्या हातापेक्षा कमी संकोचाचा वाटला, हे मी अनुभवाने सांगतो.

बँकांनीही आपला वाटा उचलला आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सत्तरीपुढील तसेच आजारी व दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी बँकांना सूचना दिल्या. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय आली आणि २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला देता येऊ लागला. अशा कामासाठी आपण कोणाच्या घरी गेलो आणि दाराशी थोडे थांबावे लागले, तर माझ्या सहकारी बंधुभगिनींनी घड्याळाकडे पाहू नये, एवढेच सांगावेसे वाटते.

मागील नरक चतुर्दशीला आम्ही वडिलांना अंथरुणावरच अभ्यंगस्नान घातले. कोमट तेल, उटणे, आणि मुलाने आणून ठेवलेली पणती. त्यांचा डावा हात स्वतःच छातीवर उटणे लावीत होता. पुढे दोन-चार दिवसांनी हयातीच्या दाखल्यासाठी मी मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला, तेव्हा त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि हनुवटीवरून बोटे फिरविली. मी समजलो. आधी दाढीचे सामान आणले.

माझ्या वहीत आता आंघोळीचा रकाना आहे. तो वडील स्वतः, डाव्या हाताने, बरोबरची खूण करून भरतात.