वाचनालयाच्या फळ्यावरचे निमंत्रण

आमच्या तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडवरून बाजाराकडे उतरताना डाव्या हाताला सार्वजनिक वाचनालय आहे. दाराशी एक काळा फळा टांगलेला असतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यावर खडूने लिहिले होते : 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. मुलांसाठी कथाकथन व प्रकट वाचन. दुपारी 4 वाजता. प्रवेश मोफत. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या बऱ्याच मुली याच फळ्यासमोरून शाळेला येतात. दहावीच्या वर्गात विचारले, फळा कुणीकुणी वाचला? जवळजवळ सगळ्यांनी वाचला होता. मग जाणार कोण? एकही हात वर झाला नाही. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले, "टीचर, ते आपल्यासाठी नसतं."

आधी राग आला. ज्यांच्या जन्मदिवसाला हा कार्यक्रम होतो ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या एका साध्या मुस्लिम घरातले. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रे वाटली, एस. टी. आर. माणिकम नावाच्या गृहस्थांच्या घरच्या संग्रहातून पुस्तके आणून वाचली. 2015 पासून महाराष्ट्र शासन त्यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळते. आणि आमच्या मुली म्हणतात, ते आपल्यासाठी नसतं!

पण घरी आल्यावर आमचेच दिवस आठवले. बी. एड. करत असताना आम्ही एका दुसऱ्या शहरात राहत होतो. तिथल्या वाचनालयात बालमानसशास्त्रावरचे मराठी पुस्तक मागायला गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी आमच्या ओढणीकडे पाहिले आणि पुस्तकाचे नावही न ऐकता सांगितले, "उर्दू पुस्तकं नाहीत हो आमच्याकडे." बोलण्यात वाईटपणा नव्हता, कदाचित मदतच करायची असेल. आम्ही मात्र "बरं" म्हणून परत फिरलो आणि पुढे दोन वर्षे त्या दारात पाऊल ठेवले नाही. त्या दोन वर्षांत तिथे केवढी व्याख्याने झाली असतील. त्या गृहस्थांचे काही अडले नाही, नुकसान आमचे झाले. मुलींना रागावण्याचा हक्क आम्हाला कितपत आहे, असा प्रश्न त्या रात्री पडला.

वाचनालय म्हणजे वर्गणी भरायची, पुस्तक घ्यायचे, परत करायचे, एवढेच आपल्या बहुतेक घरांत माहीत असते. वर्गणी आणि अनामत ही घरी पुस्तक नेण्यासाठी असते. वर्तमानपत्रे वाचत बसायला सहसा काही द्यावे लागत नाही, आणि कार्यक्रम तर मोफतच असतात. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालये राज्यात आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार शासनाचे अनुदान मिळते. अनुदान म्हणजे आपण सगळे भरतो त्या करातला पैसा. मोहल्ल्यातला किराणावाला, रिक्षावाला, आखातातून पैसे पाठवणारा भाऊ, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तेव्हा तिथली सतरंजी आपल्यासाठीही अंथरलेली असते, हे कुणाचे उपकार नव्हेत.

कार्यक्रमही एकदोन नसतात. फेब्रुवारीत 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन, ऑगस्टमध्ये 12 तारखेला ग्रंथपाल दिन, नोव्हेंबरात 14 ते 20 ग्रंथालय सप्ताह. उन्हाळ्याच्या सुटीत कुठे बालवाचकांचे शिबिर, कुठे हस्ताक्षराची स्पर्धा, कुठे व्याख्यानमाला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना मार्गदर्शन करायला एखादा अधिकारी येतो. तेच मार्गदर्शन शहरात क्लासवाले पैसे घेऊन देतात.

तर 15 तारखेला आम्ही अकरा मुलींना घेऊन निघालो. घरोघरी चिठ्ठी पाठवून परवानगी घेतली. त्यातही तीन घरांतून "कार्यक्रमात काय काय असणार?" अशी विचारणा झाली. ती योग्यच होती. आम्ही आदल्या दिवशी ग्रंथपाल बाईंना भेटून सगळे विचारून आलो होतो, त्यामुळे उत्तर देता आले.

सतरंजीवर दोन मराठी शाळांची मुले आधीच बसली होती. आमच्या मुली शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून बसल्या. गोष्ट सांगणारे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी गोष्ट मध्येच थांबवून विचारले, आता पुढे काय होईल? आमची एक मुलगी पटकन बोलून गेली आणि सगळे हसले, कारण तिचे उत्तर खरेच मजेदार होते. गुरुजींनी तिलाच पुढे बोलावून प्रकट वाचनाचे पुस्तक हातात दिले. उर्दू माध्यमाच्या मुलांना 'ळ' आणि 'ण' ही दोन अक्षरे किती छळतात, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. ती 'बाळ'ला 'बाल' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणाली, तशी पुढच्या रांगेत खुसखुस झाली. आमच्या पोटात गोळा आला. मुलगी क्षणभर थांबली, तोच शब्द पुन्हा नीट वाचला आणि पान संपवूनच खाली बसली. आम्ही वर्षभर फळ्यावर लिहून जे करू शकलो नव्हतो ते त्या पाच मिनिटांत झाले. परक्या मुलांसमोर चुकायला आणि चूक सुधारायला वर्गात जागा कुठे असते?

कार्यक्रमानंतर ग्रंथपाल बाईंनी मुलींना वाचनालय दाखवले. माडीवर अभ्यासिका आहे. लांब टेबले, पंखे, ट्यूबलाइट, कमालीची शांतता. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी दहाबारा मुले बसली होती. आमच्यातली एक मुलगी दारातच थबकली. तिच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे. ती रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी बसून अभ्यास करते, हे आम्हाला माहीत होते. तिने हळूच विचारले, "बाई, इथं मुली बसतात का?"

बाई म्हणाल्या, "बसू शकतात. पण कोणी येत नाही."

चार दिवसांनी त्या मुलीची अम्मी शाळेत आली. तिचे प्रश्न असे : जिना कुठून आहे? ये-जा कोणाची असते? बसायला वेगळे टेबल मिळेल का? आणि संडास आहे का? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की आहे, पण कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे. म्हणजे दिवसभर बसणाऱ्या मुलीने प्रत्येक वेळी शिपायाकडे जाऊन किल्ली मागायची. वाचनालयात मुली का येत नाहीत, याचे एक उत्तर त्या कुलपात होते. फळ्यावर "सर्वांना निमंत्रण" लिहून ते सुटणारे नव्हते.

बाईंना सांगितले, तर त्या स्वतःच ओशाळल्या. आता दुसरी किल्ली खाली महिलांच्या मासिकांच्या कपाटात टांगलेली असते. त्या कपाटाशेजारचे टेबल मुलींसाठी ठेवले आहे. हिवाळ्यात मगरिबची अजान सहाच्या सुमारास होते, म्हणून मुली पावणेसहाला उठतात. सध्या चौघी येतात. जिच्यामुळे हे सगळे झाले तिला मात्र अब्बांनी फक्त शनिवार-रविवारची परवानगी दिली आहे. आम्ही दोनदा भेटून आलो. ते चांगले गृहस्थ आहेत, ऐकून घेतात, चहा पाजतात आणि आपले म्हणणे बदलत नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका बुजुर्गांनी हे ऐकून म्हटले, "ही वाचनालयं वगैरे त्यांची परंपरा. आपली मदरशाची." आम्ही अदबीने त्यांना एका जुन्या वाचनालयाचा हिशेब ऐकवला. 1005 मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याने काहिरा शहरात दारुल इल्म सुरू केले. त्या खलिफाच्या बाकी कारभाराविषयी इतिहासकारांनी बरेवाईट पुष्कळ लिहिले आहे, तो विषय इथे नको. दारुल इल्मचे दार मात्र सामान्य माणसालाही उघडे होते. कोणी वाचायला येई, कोणी नक्कल उतरवून घ्यायला, कोणी फिकह, व्याकरण, वैद्यक किंवा गणित शिकायला. पुढे मकरीझी या इतिहासकाराने तिथल्या वार्षिक खर्चाची यादी नोंदवून ठेवली. येणाऱ्यांच्या कागद, शाई आणि लेखणीसाठी 12 दिनार. पिण्याच्या पाण्यासाठी 12. चटयांसाठी 10. फाटलेली पुस्तके दुरुस्त करायला 12. हिवाळ्यात गारठा आत येऊ नये म्हणून जाड पडद्यांना 5. नुसती पुस्तके मांडून माणूस येत नाही, त्याला पाणी लागते, चटई लागते, थंडीत पडदा लागतो, हे हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखले होते. आमच्या किल्लीचा प्रश्न त्याच यादीतला. बुजुर्ग हसले. म्हणाले, "मग नातीला घेऊन जा पुढच्या वेळी."

आपल्याकडेही हे नवे नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचे, महाराष्ट्रातले सर्वांत जुने म्हणून त्याचा मान आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ ग्रंथपाल बोलावले, प्रजेसाठी मोफत वाचनालयांची व्यवस्था उभारली आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. महाबळेश्वरजवळच्या भिलारला तर 2017 पासून लोकांच्या घरांतच पुस्तके ठेवली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसावे आणि वाचावे, पैसे नाहीत. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी पाचगणीच्या टेबल लँडवर घोडे पाहून परत न फिरता तिकडेही जावे, हे जाता जाता.

वाचनालयाच्या बाजूनेही काही गोष्टी राहून जातात, त्या सांगितल्या पाहिजेत. कार्यक्रमाची खबर सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात जाते आणि आपले सभासद मोजके, म्हणून ती मोहल्ल्यात पोहोचतच नाही. मागे एक चांगले आरोग्यविषयक व्याख्यान जुम्याच्या दिवशी दुपारी दीडला ठेवले होते. मुद्दाम नव्हे, कुणाच्या लक्षातच आले नाही. लक्षात आणून देणारे समितीत कोणी नाही, कारण वार्षिक सभेला मतदान करायला आपल्यातले कोणी जात नाही. सभासद झाल्याशिवाय ते मत मिळत नाही. वाचकांनी आपापल्या गावी एवढी चौकशी करावी : वर्गणी किती, वार्षिक सभा कधी, अभ्यासिकेची वेळ काय. दहा मिनिटांचे काम आहे.

27 फेब्रुवारीला आम्ही पुन्हा गेलो. परीक्षेमुळे दहावीच्या मुली नव्हत्या, आठवीच्या सतरा होत्या. कडेवर लहान मूल घेऊन मागे एक बाई उभ्या होत्या. पाहिले तर त्याच मुलीची अम्मी. कार्यक्रम संपल्यावर तिने ग्रंथपाल बाईंना सभासदत्वाचा अर्ज मागितला, मुलीसाठी नाही, स्वतःसाठी. लग्नाआधी ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. ओळख म्हणून एका जुन्या सभासदाची सही लागत होती, ती आम्ही केली.

आम्हीही एक अर्ज दिला आहे. कार्यक्रमाचा मजकूर फळ्यावर मराठीखाली उर्दूतही लिहावा, लिहायचे काम आमच्या मुली करतील, आणि रमजानमध्ये कार्यक्रम इफ्तारच्या वेळेला ठेवू नयेत. बाईंनी तो समितीपुढे ठेवला. समितीत एकदोघांचे म्हणणे पडले की एका भाषेत लिहिले तर उद्या दुसरेही मागतील. मागू द्या की! निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. मुलींनी रंगीत खडूंची पेटी आणून शाळेच्या कपाटात ठेवली आहे.