राखेची वीट, बांबूचा कठडा, बाटलीची भिंत!

नव्या वास्तुकलेच्या गप्पा निघाल्या की दुबई, सिंगापूर, फार तर बेंगळुरूचं विमानतळ डोळ्यांपुढे येतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस येत नाही. आलंच तर कोळसा, धूळ आणि ट्रकच्या रांगा घेऊन येतं. पण जरा हिशेब मांडा. वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्सचा) कोळसा इथला, लॉइड्सचं स्पंज आयर्न इथलं, एसीसीचं सिमेंट शेजारच्या सिमेंटनगरातलं. वीज आणि राख चंद्रपूरची, सागवान बल्लारपूरच्या डेपोतलं, बांबू गडचिरोलीचा. इमारतीचं निम्म्याहून अधिक सामान ज्या पट्ट्यात तयार होतं, तिथे नव्या कल्पना रुजणारच. उरलंसुरलं कामाला लावायचं आणि वापरणाऱ्याला आधी विचारायचं, हे या कल्पनांचं सूत्र. घ्या एकेक!

१. शंभर किलो जाळा, पस्तीस किलो परत घ्या

आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के असते. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र दिवसाकाठी किती राख काढत असेल, याचा अंदाज करा. १९९९ मध्ये केंद्र सरकारनं पहिल्यांदा फर्मान काढलं की ही राख बांधकामात वापरा. २०२१ च्या अधिसूचनेनं तर न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. फ्लाय अॅशच्या विटेची खरी गंमत तिच्या भट्टीत आहे, कारण तिला भट्टीच लागत नाही. राख, वाळू आणि चुना किंवा सिमेंट यांचं मिश्रण दाबायचं आणि आठवडा-दोन आठवडे पाणी मारायचं. जी राख स्वतः आगीतून आली, तिची वीट पाण्यावर पक्की होते.

२. दगडच धूर सोडतो

सिमेंट कारखान्याचा धूर म्हणजे कोळशाचा धूर, असं आपण समजतो. अर्धीच गोष्ट खरी. साधारण १,४५० अंशांपर्यंत तापणाऱ्या भट्टीत चुनखडी भाजली की खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो इंधनाच्या धुरापेक्षा जास्त असतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. म्हणून सगळी धडपड भाजलेला माल, म्हणजे क्लिंकर, कमी वापरण्याची. पीपीसी प्रकारच्या सिमेंटच्या गोणीत ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. नवा गडी आहे एलसी-थ्री: क्लिंकर निम्मं, बाकी भाजलेली चिकणमाती, चुनखडीची भुकटी आणि थोडं जिप्सम. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटीच्या संशोधकांनी ते मिळून घडवलं. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं त्याला स्वतंत्र मानकही दिलं.

३. नदी नको, ढिगारा चालेल

उघड्या खाणीत कोळशाआधी निघते ती वरची माती, म्हणजे ओव्हरबर्डन ऊर्फ ओबी. घुग्घुसच्या क्षितिजावर जे डोंगर दिसतात, ते याच ओबीचे. वेकोलिनं नागपूरजवळ भानेगाव आणि गोंडेगाव इथे ओबी धुऊन त्यातून वाळू काढायला सुरुवात केली, आणि ती पंतप्रधान आवास योजनेच्या घरांनाही पुरवली. नदीपात्रं खरवडून निघत असताना खाणीच्या कचऱ्यातून वाळू मिळते, ही बातमी घर बांधणाऱ्यांपेक्षा नदीला जास्त सुखावणारी.

४. घर पाताळात गेलं तेव्हा

२६ ऑगस्ट २०२२. घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर बघता बघता साठ-सत्तर फूट जमिनीत गेलं. हादरा जाणवताच घरातली माणसं बाहेर पळाली, म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. पोकळी वाळूनं भरून काढायची पद्धत खाणकामात जुनीच आहे. पण भराव झाला का आणि नकाशा कुठे आहे, हे वर राहणाऱ्याला कोण सांगणार? खाणपट्ट्यातलं घर पायापासून नाही, खाणीच्या नकाशापासून सुरू होतं. जुन्या खाणी उपयोगीही पडतात बरं का. नेदरलँड्समधल्या हेरलेन शहरात बंद कोळसा खाणींत साचलेलं पाणी २००८ पासून इमारती हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड ठेवतंय. मे महिन्यात घुग्घुसकरांना यातला दुसरा भाग नक्की आवडेल.

५. गाडी अडवणारा बांबू

वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटरचा बांबूचा कठडा आहे. मार्च २०२३ मध्ये नितीन गडकरींनी त्याची घोषणा केली ती ‘जगातला पहिला’ म्हणून. नाव ‘बाहुबल्ली’. बांबूची जात बालकोआ, त्यावर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया आणि वरून पुनर्वापरातल्या प्लास्टिकचं आवरण. पिथमपूरला गाड्या धडकवून तपासणी झाली, रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं आगीची परीक्षा घेतली. शिवाय आयुष्य संपल्यावर लोखंडी कठड्यापेक्षा त्याचा पुनर्वापर जास्त होतो, असा दावा आहे. धुऱ्यावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला आता सूप-टोपल्यांपलीकडचं गिऱ्हाईक दिसू लागलंय.

६. चिचपल्लीचा महागडा धडा

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. बांबू शिकवायचा तर इमारतही बांबूचीच हवी, म्हणून तशी देखणी वास्तू उभारली गेली. २५ फेब्रुवारी २०२१ ला तिला भीषण आग लागली. त्यावर ‘बघा, बांबू कच्चाच’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पण किडीपासून बांबू वाचवायचं औषध वेगळं आणि आगीपासून वाचवायचं वेगळं, आणि दोन्ही करावी लागतात. बेंगळुरू विमानतळाच्या २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या दुसऱ्या टर्मिनलचं छत आतून बांबूनंच नटलंय. तिथे आगरोधक प्रक्रिया केलेला बांबू आहे. म्हणजे प्रश्न प्रक्रियेचा आणि खर्चाचा. बांबू बिचारा निर्दोष.

७. सागवानाची वरात

२९ मार्च २०२३ ला बल्लारपुरातून लाकडाची शोभायात्रा निघाली. ढोल-ताशे, झेंडे, फुलं. वऱ्हाडी मंडळी हजारोंनी आणि नवरदेव १,८५५ घनफूट सागवान. मुक्काम पोस्ट अयोध्या. राममंदिराच्या दारांसाठी आलापल्ली-बल्लारपूरचंच लाकूड निवडलं गेलं. इथलं सागवान कसं वाढतं ते उभं बघायचं असेल तर आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा राखीव तुकडा आहे. कवेत न मावणारी झाडं आहेत तिथे, आणि त्यांना कुऱ्हाड लावायला मनाई.

८. चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र

सरकारी बांधकाम आणि वेळेत? गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरीला २० नोव्हेंबर २०२३ रोजी पोलीस मदत केंद्र एका दिवसात उभं राहिलं. ९ मार्च २०२५ ला भामरागड तालुक्यातल्या कवंडेलाही तोच प्रयोग झाला. गुपित साधं आहे: खोल्या आधीच तयार. पोर्टा केबिन ट्रेलरवर चढवायच्या, जेसीबीनं जागा सपाट करायची, हजारभर माणसं कामाला लावायची. प्रीफॅब बांधकामाचं याहून चोख प्रात्यक्षिक महाराष्ट्रात सापडणं कठीण. आता हीच घाई दुर्गम गावातल्या आरोग्य उपकेंद्रांसाठीही कुणी करावी, एवढीच अपेक्षा.

९. दहा लाखांची भिंत

२०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिलं कोण? बल्लारशाह आणि चंद्रपूर ही दोन स्थानकं. बक्षीस १० लाख. मधुबनी आणि मदुराईसारख्या कलेच्या माहेरघरांना त्यांनी मागे टाकलं. भिंतींवर ताडोबाचे वाघ आणि आदिवासी जीवन रंगवलेलं. पुढे २७ नोव्हेंबर २०२२ ला बल्लारशाहच्याच पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला आणि जीव गेला. रंग दर्शनी भिंतीला आणि तपासणी पुलाला, दोन्हींसाठी बक्षिसं ठेवायला हवीत.

१०. शहराचं फुप्फुस भर चौकात

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं, ८३.८८ गुणांनी. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते! २०२२ च्या जानेवारीत शहरात पांढरीशुभ्र कृत्रिम फुप्फुसं उभारली गेली. काही दिवसांत ती काळवंडली. मांडणशिल्प म्हणावं तर हे, कारण कुंचला खुद्द हवेनं चालवला.

११. चुन्याचा हात, सरकारी धोरण

मे २०२४ च्या अखेरीस ब्रह्मपुरीचा पारा ४७.१ अंशांवर गेला. अशा उन्हात मातीच्या जाड भिंतींचं आणि कौलांचं घर सिमेंटच्या स्लॅबपेक्षा सुसह्य असतं, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणलं. छपराला ऊन परतवणारा पांढरा थर द्या, मोठ्या इमारतींना तर तो सक्तीचा. आपल्याकडे स्लॅबवर चुना मारणारे पूर्वीपासून आहेत, शेजाऱ्यांनी त्याचं धोरण केलं.

१२. वाघाला खालून वाट

नागपूरहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट दिलीय. सर्वांत रुंद वाट ७५० मीटरची. २०१९ मध्ये कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी तिथून जाताना दिसले, त्यात वाघही. पुलाचं डिझाइन पास की नापास, ते वाघानं पायांनी ठरवलं. रस्ते आणि रेल्वे वाढत चाललेल्या चंद्रपूर-गडचिरोलीनं ही उत्तरपत्रिका जरूर वाचावी.

१३. बाटल्यांचं कुर्माघर

गडचिरोलीत गोंड आणि माडिया समाजात पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायची रीत. घर कसलं, पडकी झोपडी! दार नाही, दिवा नाही, पावसात गळणारं छप्पर, सापा-विंचवांची धास्ती. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं याला हक्कांची गंभीर पायमल्ली म्हटलं. मग मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशननं नवी कुर्माघरं बांधायला घेतली. आत खाट, संडास-न्हाणी, पाणी, सौर दिवे. काही भिंती चक्क वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या. टीका झालीच. प्रथा मोडायची की तिला टाइल्स लावायच्या? दुसरी बाजू म्हणते, प्रथा मोडेपर्यंत बायकांनी गळक्या छपराखाली का झोपायचं? बांधकाम उत्तम असूनही वास्तू नसती तर बरं, असं वाटायला लावणारी इमारत क्वचितच भेटते.

१४. रुग्णांनी सुचवलेला दवाखाना

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आपल्या ‘सर्च’ संस्थेचा दवाखाना काढायचं ठरवलं, तेव्हा आधी आदिवासींना विचारलं. मोठी, बंदिस्त इमारत त्यांना भीतीदायक वाटत होती. सोबत नातेवाईक राहायला हवे होते. म्हणून शोधग्राममध्ये रुग्णालयाऐवजी गाव बांधलं गेलं. सुट्या झोपड्या, त्यांत रुग्ण, सोबत त्यांचं कुटुंब. नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’, म्हणजे देवीही ओळखीचीच. रुग्णाला घरच्यासारखं वाटावं म्हणून पुढे जगभरातले आर्किटेक्ट जाडजूड अहवाल लिहू लागले. इथे ते काम एका बैठकीत उरकलं होतं.

१५. सागवानी घोटुल कुणाचं?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ऐंशीच्या दशकात घोटुल, म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं सामूहिक घर, बांधलं, जुन्या रितीनं, जंगलातलं सागवान वापरून. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून मोडलं आणि लाकूड उचलून नेलं. मग आसपासची गावं एकत्र बसली, आणि घोटुल पुन्हा उभं राहिलं. याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी खास मेंढ्यात आले होते. तेव्हा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनो, पुढची शैक्षणिक सहल चंदीगडऐवजी इकडे काढा. नकाशा पास करणारी ग्रामसभा कशी चालते, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. आणि येताना पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या आणा, रिकाम्या झाल्या तरी इथे वाया जाणार नाहीत!